आक्काचं जीन

आक्का, तुझ्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने जीनला शिव्या घातल्या. गल्लीतल्या बायका पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, बाईला जीनने खाल्लं. कामरेजहून आलेला आपला चुलतभाऊ पंगतीत वरण वाढून घेताना म्हणाला की असली जीनं सरकारने आधीच बंद करायला हवी होती. मी सगळ्यांपुढे मान हलवत होतो. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं तूच म्हणायचीस.

तू समोरच होतीस, फोटोत. तो तुझ्या लेकीच्या, वैशूच्या साखरपुड्यातला आहे. दुसरा धड फोटो सापडलाच नाही. त्यात तुझ्या खांद्यामागे माझा अर्धा कान आला होता, तो फोटोवाल्याने कापून टाकला. तुझं हसू मात्र त्याने ठेवलं. लोक जीनला शिव्या घालत होते आणि तू हसत होतीस, आणि या गर्दीत तुझ्या हसण्याचं कारण माहीत असलेला मी एकटाच होतो.

बाहेरच्या वाचणाऱ्याला जीन म्हणजे काय ते सांगावं लागेल, तेव्हा तुला पाठ असलेलं पुन्हा एकदा ऐकून घे. आपल्या खानदेशात जीन म्हणजे कापसाचा कारखाना. एकीकडून कापूस आत जातो, दुसरीकडून रुई निघते आणि खाली सरकी पडते. आबांची हयात त्या जीनमध्ये गेली. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानातले केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, आपला बाप रोज संध्याकाळी म्हातारा होतो आणि सकाळी अंघोळ करून पुन्हा तरुण होतो. लग्नाआधी तूही हंगामात तिथे कवडी वेचायला जायचीस, म्हणजे चांगल्या कापसातून डागी, किडका कापूस काढायला. मला मात्र आबांनी फाटकाच्या आत कधी घेतलं नाही. मी नाजूक होतो, असं आई म्हणायची. तू त्याला दुसरा शब्द वापरायचीस.

आबा पोटाच्या दुखण्याने गेले. त्यांच्या आधी त्यांची बहीण, आपली आत्या, तशीच गेली होती. गावात तेव्हा पोटातल्या सगळ्या दुखण्यांना मिळून एकच नाव होतं, 'गोळा', आणि उपायही एकच होता, वाट बघणे.

पुढे तुझं लग्न झालं, दाजींबरोबर तू सुरतेत उधन्याला आलीस, आणि दाजी लूमवर स्थिरावतात न स्थिरावतात तोच तू मलाही बोलावून घेतलंस. पांडेसऱ्याच्या रंगाईच्या कारखान्यात मला कापड तपासायच्या खात्यात चिकटवलंस. काचेचं टेबल, खालून दिवा, वरून दिवसभर कापड ओढायचं आणि डाग, भोक, तुटलेला धागा शोधायचा. माझी नजर त्या खात्यात नावाजलेली आहे. स्वतःच्या खाली मात्र मी कधी दिवा लावत नाही.

सुरतेतल्या इतक्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, सांगू? तुझी आखाजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडच्या मुली माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. आई गेली, गावातलं घर बंद झालं, आणि तू जाहीर केलंस की आता माझी खोली हेच तुझं माहेर. तुझं घर माझ्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. तरी दर आखाजीला तू नवी साडी नेसून, पिशवी भरून, रिक्षा करून यायचीस. रिक्षात बसेपर्यंत उतरायची वेळ होते म्हणून रिक्षावाल्याला आधी लांबच्या उधना दरवाजापर्यंत नेऊन मग परत फिरवायचीस. माहेर लांब असावं लागतं, म्हणायचीस. दारात उतरून विचारायचीस, "भाऊ, उनू मी. काय म्हनस गाव?" आणि मीही गावचा पाटील असल्यासारखा पाऊसपाणी, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं भांडण मिटलं, असलं काहीबाही रचून सांगायचो. तुझी भावजय कमल आतून ओरडायची की बहीणभावाचं खोटं संपलं असेल तर जेवायला या. त्या खोलीत झोका टांगायला आढं नव्हतं. तू खाटेवर बसून पाय हलवायचीस आणि गाणी म्हणायचीस. शेजारचे ओडिया कारागीर दारात उभे राहून ऐकायचे.

अठ्ठ्याण्णव सरतानाच्या थंडीत आपण गच्चीवर भरीत केलं. काडीच्या जाळावर वांगी भाजणं हे तुझं खातं, त्यात कुणी बोट घालायचं नाही. सगळ्यांना वाढून तू शेवटी बसलीस आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या अर्ध्या भाकरीवर थांबलीस. पोट भरलं, म्हणालीस. दोन भाकरी चुरून वर ठेचा मागणारी तू. मी म्हणालो, आक्काला सुरत मानवली, आता ही फुलके खाणार. सगळे हसले, तूही. पण पुढच्या महिन्यातही तुझं पोट दोन घासांत भरत राहिलं, साडीच्या निऱ्या एकेक करून वाढत गेल्या, आणि दाजींनी मला कामावरून बोलावून घेतलं. दवाखान्यात त्यांना बोलायला सुचत नाही म्हणून तुझ्याबरोबर मी आलो. बोलण्यात मी हुशार, असा घरात समज आहे.

दुर्बीण झाली, तुकडा तपासायला गेला, आणि डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवलं. तरुण होते, गुजराती, आणि मराठी बोलायची त्यांना हौस मोठी, पण साठा लहान. अवघड जागा आली की ते गुजरातीत शिरायचे. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, ते आपण दोघांनी खाली मान घालून ऐकलं. मग ते म्हणाले, "बेन, आ जीनमां फेरफार छे." जीनमध्ये बदल झालाय.

आपण एकमेकांकडे बघितलं. खानदेशातलं जीन या माणसाला कसं कळलं?

घरात आणखी कुणाला होतं का, त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, वडिलांना, तेही जीनमधलंच. डॉक्टरांनी गंभीरपणे मान डोलावली. मी अकरावी शिकलेला, रोज पेपर वाचणारा माणूस, मीही डोलावली. आणि तू सुस्कारा सोडून म्हणालीस, "पण साहेब, ते जीन तर केव्हाच बंद पडलं."

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "एकदम साचुं, बेन. बंद पडी गयुं, एटले ज तो आ थयुं."

बंद पडलं म्हणूनच तर हे झालं. त्यांना तुझं इतकं कौतुक वाटलं की हे कुठे वाचलंत म्हणून त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, त्यात वाचायचं काय, मालकाच्या पोरांनी यंत्रं भंगारात काढली, आता तिथे कांद्याचं गोदाम आहे.

कांद्याचं गोदाम ऐकून डॉक्टरांना घोळ कळला. आधी डॉक्टर हसले, मग मी, आणि सगळ्यात शेवटी तू, पोट धरून. ज्या खोलीत हसू येऊ नये तिथे आपण तिघं हसलो, आणि त्यासाठी त्या डॉक्टरांना मी जन्मभर मानीन.

मग त्यांनी नीट सांगितलं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. जठराच्या पेशी अशा हात धरून बसलेल्या असतात, म्हणाले, आणि त्यांना धरून ठेवणारी वस्तू पेशीतलंच एक जीन बनवतं. ते आईकडून एक आणि बापाकडून एक, असं जोडीने येतं. काही घराण्यांत जोडीतलं एक जन्मतःच बिघडलेलं येतं. दुसरं पुढे कधीतरी बंद पडतं, आणि हात सुटतात. त्यांनी बोटं सोडवून दाखवली. सुटलेल्या पेशी गोळा होऊन बसत नाहीत, एकेकट्या भिंतीत शिरत जातात. म्हणून वरून हाताला काही लागत नाही, आणि जठर आतल्या आत कातड्यासारखं कडक, लहान होत जातं. अर्ध्या भाकरीचा अर्थ तेव्हा मला कळला. एवढ्यावरही थांबत नाही, ते म्हणाले. बदलावर बदल होत जातात. एका बदलाने पेशी वाट काढायला शिकते, दुसऱ्याने परक्या जागी जाऊन टिकायला शिकते.

तू म्हणालीस, म्हणजे भाऊबंदकीच झाली. एक वेगळा निघाला की घर सुटतं, मग ज्याने त्याने मिळेल तिथे चूल मांडायची. आणि मग माझ्याकडे बघून, "आपला मायकच शेतस भाऊ त्या." आपल्यासारख्याच आहेत, गावातून सुटल्या आणि दुसऱ्याच्या शहरात खोली करून राहिल्या.

डॉक्टरांना मी त्याचं भाषांतर करून सांगितलं नाही. मला जमलं नसतं.

हे नक्की घराण्यातलंच आहे असं आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही, असं ते निघताना म्हणाले. तो बिघाड शोधायची तपासणी आपल्याकडे होत नाही. पण आबा, आत्या आणि तू, एवढं पाहता रक्ताच्या माणसांनी दुर्बीण टाकून पोट बघत राहावं. रक्ताची माणसं म्हणजे वैशू आणि मी.

रिक्षात तुला ते कांद्याचं गोदाम पुन्हा पुन्हा आठवत होतं. डोळे पुसून पुसून हसत होतीस. मग एकदम थांबलीस. म्हणालीस, "घरी जीनच सांगायचं."

"कोणतं?"

"लोकांना समजेल ते."

मी काही म्हणायच्या आत तू बजावलंस, "मी खोटं कोठे बोलस? डॉक्टर जीन म्हनना, मी बी जीनच म्हनस."

तू असं का करतेस ते मला विचारावं लागलं नाही. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळाली तेव्हा आपणही पोरं-बोचकी घेऊन गावी गेलो होतो. आपल्याला काही झालेलं नव्हतं. तरी चुलत्याच्या अंगणाबाहेर आपल्याला बसवलं, आणि वैशूला पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. ती तेरा-चौदाची होती, तरी तिला तो खेळ वाटला. तुला नाही वाटला. परतताना एसटीत तू मला म्हणालीस, आजार आला नाही, पण नाव पोरीला लागलं. आता तीच वैशू लग्नाची झाली होती. पांडेसऱ्यातल्या संदीपचं स्थळ आलं होतं. शिंदखेड्याकडची माणसं, पोरगा रंगाईच्या कारखान्यात फिटर. कारखान्याच्या धुळीने झालेला आजार आईबरोबर जातो. रक्तातला मुलीबरोबर सासरी येतो.

तुझ्यासारखं सोंग वठवणं मला कधी जमलं नसतं. भेटायला येणाऱ्याला तू सांगायचीस की रुईचा तंतू पोटात जातो, तिथे त्याची गादी होते, आणि गादी झाली की भाकरीला जागा कुठली. एकदा दाजी बिचारे सहज बोलून गेले की आत्या कुठे जीनमध्ये जायची. तू पापणी न हलवता विचारलंस, आबांची धोतरं कोण धूत होतं? गल्लीतल्या एका मावशींनी तेव्हापासून कापसाच्या वाती वळायचं सोडलं, बाजारातून आणतात.

आणि एकांतात आपण भांडायचो. मी म्हणायचो, वैशूला आत्ता सांगू, आणि त्या लोकांना लग्नाआधी. तू म्हणायचीस, लग्न होऊ दे, घरात रुळू दे, मग सांग. मी म्हणायचो, आजार काय तिच्या रुळण्याची वाट बघणार आहे? तू म्हणायचीस, लग्न मोडलं तर तिला जन्मभर कोण बघणार, तू? कधी दवाखान्याच्या बाकावर, कधी माझ्या स्वयंपाकघरात, कमल बाहेर गेली की. शेवटी तुझं एक ठरलेलं असायचं: "तू आगोदर तुन्हं पोट दखाड. मंग माले शिकाड." आधी स्वतःचं पोट दाखव, मग मला शिकव. यावर मी एकदम कामाचा माणूस व्हायचो. कारखान्यात घाई आहे, पावसाळ्यात असलं काही करू नये, त्या नळीची जाडी जरा जास्तच आहे. तू माझ्याकडे बघायचीस. तुझ्या त्या बघण्यापुढे आमच्या खात्यातला काचेखालचा दिवा फिका.

या वर्षीची आखाजी तू सोडली नाहीस. साखरपुडा त्याच आठवड्यात झाला होता, त्याच्या दमणुकीतून तू अजून उठायची होतीस. पोटात पाणी भरायला लागलं होतं, हात काडीसारखे झालेले. तरी रिक्षा. फक्त या खेपेला उधना दरवाजा नाही, दाजींनी सरळ आणलं. उतरवून घेताना मी म्हणालो, माहेर जवळ आलं गं. तू म्हणालीस, हो, चालत येईल इतकं. आणि खाटेवर बसलीस. पाय हलवले नाहीस. कमलने मांडे केले होते, त्यातला एक घास तोंडात धरून तू बराच वेळ बसलीस, आणि मी गावाकडच्या खोट्या बातम्या सांगत राहिलो. त्या दिवशी मी इतक्या म्हशी व्यायला लावल्या की एवढ्या म्हशी आपल्या तालुक्यात नसतील. तुला हसवणं एवढंच मला येत होतं, आक्का. औषध मला येत नव्हतं.

शेवटी तू फार कमी बोलायचीस. त्यातलं मला उद्देशून शेवटचं वाक्य होतं, "वैशूचं तू बघ."

बघ म्हणजे काय, आक्का? लग्न लावून दे, की पोटात बघ? वाद तू जिंकलास असं म्हणत होतीस, की आता माझ्यात भांडायचं बळ नाही असं? मी विचारणार होतो. दाजी पाणी घेऊन आले, मग नर्स आली, आणि मग विचारायला तू नव्हतीस. माणूस आयुष्यभर बडबडतो आणि नेमका एक शब्द फोडून घ्यायचा राहतो.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. वैशू तुझ्या साड्यांच्या घड्या घालत बसली होती, आणि मी तिला सगळं सांगितलं. दोन्ही जीनं सांगितली. हाताची बोटं गुंतवून दाखवली, सोडवून दाखवली. कांद्याच्या गोदामापाशी ती हसली, आणि हसता हसता साडीत तोंड घालून खूप रडली. मला वाटलं, आता विचारेल की मला होईल का. डॉक्टरांनी सांगितलेलं उत्तर मी घोकून ठेवलं होतं. तिने विचारलं, "मामा, हे संदीपच्या घरच्यांना माहीत आहे?"

नाही म्हणालो. नंतर सांगावं असं तुझं म्हणणं होतं, हेही सांगितलं. तुझा पक्ष मी प्रामाणिकपणे मांडला, आक्का, माझ्यापेक्षा चांगला मांडला. ती ऐकून म्हणाली, "आईने मला जपलं. पण मला तिथे लपून नाही राहता येणार." आणि डोळे पुसून पुढे, "अन् दुर्बिणीला आधी तुम्ही." पोरगी तुझीच, यात वाद नाही.

रविवारी मी पांडेसऱ्याला गेलो. संदीपची आई, वडील आणि तो स्वतः, तिघेही घरी होते. चहा आला. त्याचे वडील हळहळून म्हणाले, "बाई फार लवकर गेल्या. जीनचंच झालं ना ते?"

आक्का, तुझी ढाल त्या माणसाने आपणहून माझ्या हातात दिली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. मान तर माझी अर्धी हललीसुद्धा, सवयीने. मग मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, हो, पण तुम्ही समजताय ते जीन नाही.

सगळं सांगून झाल्यावर संदीपच्या आईने एवढंच विचारलं की पोरीला आत्ता काही त्रास आहे का. नाही म्हणालो. बिघाड तिच्यात आलेला असेलच असं नाही, आला तरी आजार होईलच असं नाही, पण बघत राहावं लागेल, या आठवड्यात पहिली दुर्बीण आहे, हेही सांगितलं. त्याच्या वडिलांनी माझी बशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "विचार करून कळवतो." या शब्दांचा अर्थ तुला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. याच शब्दांना तू भीत होतीस. जिना उतरताना मी मनात तुझी उत्तरं ऐकत होतो, एकाहून एक तिखट.

रस्त्यावर आलो तर मागून चपलांचा आवाज. संदीप होता. गोरामोरा झालेला, शर्टाची बटणं वरखाली. मला वाटलं, पोरगा साखरपुड्याची अंगठी परत करायला आलाय. तो माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत म्हणाला, "मामा, दवाखान्यात कोणत्या दिवशी जायचंय? मला पाळी बदलून घ्यावी लागेल."

बुधवार, मी म्हणालो. आम्ही दोघं आहोत, मी आणि ती.

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

कोणी नाही म्हणालो. "मग मीच येतो," म्हणाला, आणि माझ्यासाठी रिक्षा थांबवायला पुढे झाला.

त्याच्या वडिलांचा निरोप अजून आलेला नाही. उद्या बुधवार आहे.